दम किती उरलाय, मोजून घ्या

जिन्याच्या मधल्या वळणावर माणूस थांबतो, कठड्याला हात टेकतो, खिशातून मोबाइल काढून पाहिल्यासारखं करतो आणि श्वास खाली बसला की पुढे निघतो. बाजारातून येताना पिशवी दोनदा खाली ठेवावी लागते, म्हणून पुढच्या आठवड्यापासून बाजाराला मुलगा जातो. गच्चीवरचं वाळवण, देवळाच्या पायऱ्या, शेताची फेरी असं एकेक सुटत जातं आणि शेवटी अंघोळीलाही स्टूल लागतं. या सगळ्या वर्षांत ‘मला दम लागतो’ अशी तक्रार घरात क्वचितच ऐकू येते, कारण ज्या कामाने दम लागेल ते काम त्या माणसाने आधीच सोडून दिलेलं असतं. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: वय झालं आता. हे उत्तर चुकीचं आहे आणि ते फार महागात पडतं. वयाबरोबर पाय थकतात, वेग कमी होतो हे खरं. पण सपाट रस्त्यावर आपल्याच वयाच्या माणसांच्या मागे पडणं, चारचौघांत चालताना बोलणं बंद करावं लागणं, कपडे बदलतानाही धाप लागणं हे नुसत्या वयाने होत नाही. अशा धापेमागे बहुतेक वेळा हृदय, रक्त किंवा फुफ्फुस यांपैकी कशात तरी बिघाड असतो. चाळिशीनंतर सावकाश वाढत गेलेली धाप, वर्षातले कित्येक महिने खोकला आणि सकाळी उठल्यावर कफ असं एकत्र दिसलं, तर पहिला संशय सीओपीडीचा घ्यायला हवा.

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्यामुळे होणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. आपल्याकडे सगळ्याच धापेला ‘दमा’ म्हणायची पद्धत असल्याने त्याचं वेगळेपण झाकलं जातं. दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, आणि दोन त्रासांच्या मध्ये माणूस अगदी ठणठणीत असू शकतो. सीओपीडीत तसं होत नाही. वर्षानुवर्षं धूर किंवा धूळ आत गेल्याने बारीक नळ्यांना आतून सूज येते, त्या जाड होतात. शेवटी असलेल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती फाटून त्यांचा ताण जातो. मग हवा आत शिरते, पण पुरती बाहेर पडत नाही. जुनी हवा छातीत कोंडून राहिली की नवीन श्वासाला जागाच उरत नाही. म्हणून हा रुग्ण ‘श्वास घेता येत नाही’ असं म्हणत असला तरी त्याची खरी अडचण श्वास सोडण्याची असते. ही एक गोष्ट लक्षात राहिली, तर या आजाराची तपासणी आणि उपचार दोन्ही समजायला सोपे जातात.

आजार केवढा पसरला आहे, ते पाहू. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली आलेल्या राज्यवार अभ्यासानुसार भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्याच्या वर्षांत तो ३२ टक्के. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या ८८० शहरांत आणि गावांत डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद केली, तेव्हा त्यातल्या निम्म्या लोकांना श्वसनाशी संबंधित काही ना काही त्रास होता. म्हणजे माणसं डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत असं नाही. ती पोचतात, खोकल्याचं औषध घेऊन परततात, आणि आजाराला नाव मिळत नाही. २७ देशांतल्या पाहण्या एकत्र करून केलेल्या एका अभ्यासात, फुंकून घेतलेल्या चाचणीत सीओपीडी सापडलेल्या दर दहांपैकी आठ जणांना तो असल्याचं कोणी सांगितलेलंच नव्हतं. रक्तदाब आपण गल्लीतल्या दवाखान्यात मोजून घेतो, साखर तर घरीच बघतो. श्वास मात्र कोणी मोजत नाही. या आजाराबद्दल करण्यासारख्या दहा गोष्टी असल्या, तरी त्या सगळ्या या एका मोजणीपाशी अडून राहिल्या आहेत, असं माझं म्हणणं आहे.

त्यावरचा पहिला आक्षेप घराघरांत ऐकू येतो: आमच्याकडे कोणी विडी-सिगारेट ओढत नाही, मग हा आजार कसा होईल? हा समज पाश्चात्त्य देशांतल्या अनुभवावरून आपल्या डॉक्टरांच्या आणि आपल्याही डोक्यात बसला. तिथे सीओपीडी म्हणजे मुख्यतः सिगारेटचा आजार. आपलं चित्र वेगळं आहे. वर सांगितलेल्या राज्यवार अभ्यासातच भारतातल्या सीओपीडीच्या ओझ्यापैकी सुमारे ५४ टक्के घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेच्या खात्यावर मांडलं आहे, तंबाखूच्या धुराच्या खात्यावर २५ टक्के आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराच्या खात्यावर साधारण १६ टक्के. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधणारा २००९ सालचा ‘लॅन्सेट’मधला महत्त्वाचा लेख पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी लिहिला, तो याच अनुभवातून. महाराष्ट्रात तर धूम्रपानापेक्षा तंबाखू खाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, आणि बायकांमध्ये ओढणाऱ्या फारच थोड्या. तरी खोकणाऱ्या आणि धापा टाकणाऱ्या आज्या गावोगाव दिसतात. त्यांनी तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे बसून, तुराट्या, पऱ्हाट्या आणि शेणाच्या गोवऱ्या जाळून, फुंकणीने जाळ केला आहे. फुंकण्यासाठी माणूस आधी छातीभर श्वास घेतो, आणि तो धुराच्या अगदी तोंडाशी बसून घेतो. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण घनमीटरमागे शेकडो मायक्रोग्रॅमवर जातं. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षभराच्या सरासरीसाठी सांगितलेली मर्यादा आहे ५.

धुराचे बाकीचे स्रोतही आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की ते विचारात येत नाहीत. अंघोळीच्या पाण्याचा बंब, रात्रभर उशाशी जळणारी डासांची अगरबत्ती, ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट, कोपऱ्यावरचा धुमसणारा कचरा. डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, असं चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. कामाच्या धुळीचं तसंच आहे: यंत्रमागाच्या आणि जिनिंगच्या खोलीतली कापसाची तूस, खडी क्रशरची आणि दगडखाणीची भुकटी, फाउंड्रीतली वाळू, वीटभट्टीचा धूर, मळणीच्या वेळचा भुसा. आणि एक कारण डॉक्टरही पुष्कळदा विचारायचं विसरतात, ते म्हणजे पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग. जंतू मरतात, कोर्स पूर्ण होतो, कार्डावर ‘बरा झाला’ असा शिक्का बसतो. पण फुफ्फुसात राहिलेल्या वणांमुळे पुढे हवेला अडथळा होऊ शकतो. ज्यांना टीबी होऊन गेला आहे आणि आता धाप लागते, त्यांनी ‘पुन्हा टीबी झाला असेल’ एवढ्यावर थांबू नये. थुंकी तपासावी, आणि त्यात काही निघालं नाही तर श्वासाची तपासणी करून घ्यावी.

ही तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. दवाखान्याच्या पाटीवर किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘पीएफटी’ असं लिहिलेलं असतं. तिच्याऐवजी आपण ज्यांवर भिस्त ठेवतो ती तिन्ही साधनं इथे अपुरी पडतात. स्टेथोस्कोपने छाती ऐकली तर सुरुवातीच्या रोगात काही ऐकू येईलच असं नाही. एक्स-रे दुसरे आजार शोधायला जरूर काढावा, पण तो स्वच्छ आला म्हणजे सीओपीडी नाही असं ठरत नाही. आणि करोनाच्या काळात घराघरांत आलेला ऑक्सिमीटर तर इथे हमखास फसवतो: श्वास सोडण्याची ताकद निम्म्यावर आलेल्या माणसाच्या बोटावरही तो ९६-९७ दाखवू शकतो. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो तो बऱ्याच उशिरा. स्पायरोमेट्रीत सुई नाही, भूल नाही. खुर्चीत ताठ बसायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी घट्ट धरायची, छाती पूर्ण भरून घ्यायची आणि एका झटक्यात जीव खाऊन फुंकायचं. फुंकर संपली असं वाटलं तरी सहा सेकंदांपर्यंत रेटत राहायचं. शेजारी उभी असलेली तंत्रज्ञ ‘अजून, अजून, अजून’ म्हणत राहते, ते उगाच नसतं. पडद्यावर निरोगी माणसाची रेघ पहिल्या सेकंदातच सरळ वर चढते आणि मग आडवी होते. अडथळा असलेल्याची रेघ डोंगरवाटेसारखी हळूहळू चढत राहते, संपता संपत नाही. किमान तीन चांगल्या फुंकरा घेतात. मग नळ्या मोकळ्या करणारं औषध पंपातून देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. औषधानंतरही, एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर नळ्यांतला अडथळा कायमचा आहे असं समजतात. अहवाल हातात आला की औषधाआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे त्यात आहेत ना, ते बघा. औषध देऊन दुसऱ्यांदा फुंकायला लावलंच नसेल तर तपासणी अर्धवट झाली आहे.

मग सगळ्यांनीच उठून ती करावी का? नाही. ज्यांना कसलाच त्रास नाही अशा लोकांची सरसकट चाचणी घेऊन फायदा होतो असा पुरावा नाही, आणि अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने तशी शिफारस न करण्याचंच ठरवलं आहे. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली, वर सांगितलेल्या धुरा-धुळीत वर्षं काढलेली किंवा टीबी होऊन गेलेली, आणि त्यातच खोकला, कफ किंवा धाप असलेली व्यक्ती: तिने मात्र ती टाळू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांचा खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करून क्षयरोग नसल्याची खात्री करायची. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तसं आधी सांगायचं, म्हणजे तपासणी पुढे ढकलता येते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. हा आजार बरा होत नाही, फाटलेल्या पिशव्या पुन्हा शिवल्या जात नाहीत. मग नाव कळून तरी काय मिळणार? मिळतं ते असं. पंचविशीनंतर निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदात सोडलेली हवा दर वर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. ज्यांच्या फुफ्फुसांना धूर बाधतो त्यांच्यात ती घट दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगाने होते. लंडनमधल्या पुरुषांचा आठ वर्षं मागोवा घेऊन फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ साली दाखवून दिलं की धूम्रपान सोडलं तर गेलेलं परत येत नाही, पण घसरणीचा वेग जवळजवळ निरोगी माणसाएवढा खाली येतो. म्हणून चाळिशीत कळणं आणि पासष्टीत कळणं यात उरलेल्या आयुष्यात स्वतःच्या पायांनी चालण्याच्या वर्षांचा फरक पडतो. चुलीच्या धुराबाबतही पुरावा आहे: चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या खेड्यांत २००२ ते २०११ अशी नऊ वर्षं पाहणी झाली, आणि ज्यांनी बायोगॅस घेतला, स्वयंपाकघरात हवा खेळती केली, त्यांच्या फुफ्फुसांची घसरण मंदावलेली आढळली. आणि निदान-उपचारांचा स्वतंत्र फायदा होतो का, याचं उत्तर कॅनडातल्या एका चाचणीने २०२४ साली दिलं. त्रास आहे पण निदान नाही अशा माणसांना शोधून स्पायरोमेट्री केली, आणि दमा किंवा सीओपीडी निघालेल्या पाचशेंवर लोकांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केली. छातीच्या तज्ज्ञांनी ज्यांना उपचार दिले त्यांच्यावर श्वसनाच्या त्रासासाठी डॉक्टर-दवाखाना गाठायची वेळ दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी आली. कॅनडाचे दवाखाने आपल्याकडे नाहीत, हे मान्य. पण तिथे वापरलेली औषधं आपल्याकडे मिळतात आणि फुंकायचं यंत्रही तेच आहे. शिवाय मधुमेह आणि रक्तदाब तरी कुठे कायमचे बरे होतात? ते ताब्यात राहतात, म्हणून आपण ते मोजतो.

निदान झाल्यावर पहिलं काम धूर तोडण्याचं, आणि इथे अर्धवट तडजोड कामाची नाही. विडी दिवसाला दहावरून चारवर आणली तर बरं वाटतं, पण घसरण खरोखर मंदावते ती पूर्ण सोडल्यावर. सोडण्यासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही. निकोटिनच्या गोळ्या आणि च्युइंग गम मिळतात, डॉक्टर औषध लिहून देऊ शकतात, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळतं. स्वयंपाकघराचंही तसंच. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे सिलिंडर पुष्कळ घरांत पोचला. पण गॅस चहापुरता आणि भाकरी, पाणी, जनावरांचं आंबोण चुलीवर, असं चालू राहिलं तर धूर फारसा घटत नाही. चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, हे मीही नाकारत नाही. सिलिंडर परवडत नाही, हे तर अनेक घरांचं खरं दुखणं आहे आणि त्याचा दोष त्या घरातल्या बाईला देणं अन्यायाचं होईल. तिथे जमेल तेवढं तरी करावं: सर्वांत जास्त वेळ पेटणारा जाळ, म्हणजे बहुधा बंब, आधी घराबाहेर काढावा, चूल पडवीत किंवा उघड्यावर न्यावी, नाहीतर तिच्यावर छपराबाहेर निघणारं धुराडं बसवावं, ओलं सरपण जाळू नये, लहान मूल मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नये. आणि ज्या घरात सीओपीडीचा रुग्ण आहे, तिथे त्या व्यक्तीने तरी चुलीपुढे बसायचं नाही, ते काम दुसऱ्याने उचलायचं. रुग्ण घरातली बाई असते तेव्हा हे सांगायला सोपं आणि घडायला अवघड आहे. म्हणूनच अहवाल तिच्या एकटीच्या हातात न देता नवऱ्याला आणि मुलांना समोर बसवून समजावून सांगितला पाहिजे.

दुसरं काम औषधाचं, आणि महाराष्ट्रात सर्वांत मोठा अडसर आहे तो ‘पंपा’च्या भीतीचा. पंपाची सवय लागते, तो शेवटची पायरी आहे, लोक बघतात, गोळीने भागत असेल तर पंप कशाला? औषध किती जातं, त्याचा हिशेब करून बघा. नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तेच औषध गोळीतून घेतलं तर २ ते ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट जातं, आणि ते सगळ्या अंगात फिरून छातीत धडधड आणि हाताला थरथर आणतं. पंप औषध थेट जागेवर पोचवतो, म्हणून ते कमी लागतं. सवयीचं म्हणाल, तर चष्म्याची सवय लागते म्हणून आपण अंधुक बघत राहत नाही. उलट, धाप वाढली की जाऊन टोचून घेतलेलं इंजेक्शन आणि दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांचीच भीती बाळगायला हवी. त्या पुन्हा पुन्हा घेतल्याने हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते. कोजागरीच्या रात्री दूध-खिरीतून मिळणाऱ्या दम्याच्या औषधावर कोणाची श्रद्धा असेल तर त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा एवढंच सांगावं, की त्यासाठी रोजचा पंप बंद करू नका.

पण पंप हातात असणं आणि औषध छातीत पोचणं यात मोठं अंतर आहे, आणि बहुतेक उपचार तिथेच फुकट जातात. कॅप्सूलचा पंप दिलेला रुग्ण ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतो, असंही घडतं. कॅप्सूल यंत्रात घालून, फिरवून फोडायची. तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा, यंत्रात फुंकायचं नाही. ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचं. दहा आकडे होईपर्यंत श्वास रोखायचा. मग यंत्र उघडून पूड उरली आहे का बघायचं आणि उरली असेल तर पुन्हा ओढायचं. फवाऱ्याच्या पंपाची रीत नेमकी उलटी आहे: आधी हलवायचा, आणि फवारा दाबताना श्वास सावकाश, लांब घ्यायचा. जोरात ओढलं तर औषध घशातच आपटतं. हातातोंडाची गाठ जमत नसेल तर पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे फवारा साठवणारी पोकळ नळी, लावावा. वयस्कर माणसांना तर तो आवर्जून मागावा. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून टाकायची. दर खेपेला डॉक्टरांसमोर किंवा औषधाच्या दुकानात पंप घेऊन दाखवा, चुका लगेच कळतात. आणि तातडीचा पंप वेगळा, रोजचा वेगळा, हे घरात सगळ्यांना माहीत हवं. रोजचा पंप बरं वाटलं म्हणून बंद करायचा नसतो. बरं वाटतं ते त्याच्यामुळेच.

चालण्याबद्दल तर आपला सल्ला नेमका उलटा असतो. धाप लागते, मग बस, आराम कर. बसून राहिलं की पायांचे स्नायू झडतात, झडलेल्या स्नायूंना त्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो, धाप आणखी वाढते, आणि माणूस आणखी बसतो. हे चक्र तोडणारा देखरेखीखालचा व्यायाम, म्हणजे फुफ्फुसांचं पुनर्वसन, ६५ चाचण्यांच्या २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात इतका प्रभावी ठरला, की तो नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस आहे का हे ठरवायला आता नव्या चाचण्यांची गरज नाही, असं त्या आढाव्याने लिहिलं. सोय असेल तिथे सहा ते आठ आठवड्यांचा कार्यक्रम करावा. नसेल तर डॉक्टरांना विचारून घरी सुरू करावं: रोज ठरावीक अंतर चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, हातात पाण्याची बाटली घेऊन दंड वर-खाली करणं. धाप लागली की ओठांचा चंबू करून, चहावर फुंकर घालावी तसा, श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहायचं. त्याने कोंडलेली हवा बाहेर पडायला मदत होते. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी घ्यावी.

एकाएकी बिघडण्याची वेळ येते, तेव्हा घरात आधीच लिहून ठेवलेला कागद हवा: धाप नेहमीपेक्षा वाढली, कफ वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, तर कोणतं औषध किती घ्यायचं आणि कोणाला फोन करायचा. एक वाक्य पुरतं बोलता येत नाही, ओठ निळसर झाले, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर वाट न बघता १०८ला फोन करावा. आणि प्राणवायूचं यंत्र घरी असेल तर घाबरून त्याची चावी वाढवू नये. या रुग्णांना प्राणवायू जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी वाढते. अशा वेळी डॉक्टरही बोटावरचा आकडा ८८ ते ९२च्या दरम्यान ठेवतात, शंभर गाठायला बघत नाहीत. घरी कायमचा प्राणवायू लागतो तो विश्रांतीतही पातळी फार खाली गेलेल्यांनाच, आणि मग तो दिवसातले निदान पंधरा तास घ्यावा लागतो. दम लागला की तासभर लावायचा, असं ते यंत्र नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: हे सगळं शहरातल्यांसाठी, आमच्या गावात फुंकायचं यंत्र कुठे आहे? बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते नसतं, ही तक्रार रास्त आहे. पण हवेत विरून जावी अशी ती नाही, कारण कागदावर वाट आधीच आखलेली आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीओपीडी आहे. आशा ताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात धाप लागते का, स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, धुरा-धुळीत काम करता का, हे प्रश्न छापलेले आहेत. २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत साल्ब्युटामॉल, टायोट्रोपियम आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही श्वासावाटे घ्यायची औषधं आहेत. म्हणजे रुग्ण ओळखण्याचे प्रश्न आहेत, औषधांची यादी आहे. मधली मोजणीची पायरी तेवढी गाळलेली आहे. यंत्र हातात मावेल एवढं लहान मिळतं. खरी उणीव ते नीट फुंकवून घेऊ शकणाऱ्या प्रशिक्षित माणसाची आहे, आणि ती प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भरून काढणं सरकारच्या आवाक्याबाहेरचं नाही. ग्रामसभेत, महिला बचत गटाच्या बैठकीत, कारखान्याच्या कामगार प्रतिनिधींकडून ही मागणी नावानिशी लिहून गेली पाहिजे: आमच्या तालुक्याला स्पायरोमीटर आणि तो चालवणारा माणूस द्या, आणि केंद्रात पंप संपू देऊ नका. तोवर आशा ताई तक्ता घेऊन आल्या की ‘धाप लागते का’ या प्रश्नाला सवयीने ‘नाही’ म्हणू नका.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन असतो. त्या दिवशी ठिकठिकाणी मोफत तपासणीची शिबिरं लागतात. तिथे जरूर जा. पण त्याची वाट बघू नका. आपल्या घरात गेल्या वर्षभरात कोणी एखादं काम गुपचूप सोडून दिलं असेल, बाजार, जिना, शेताची फेरी, तर या आठवड्यात त्यांना जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि नुसतं औषध मागू नका. फुंकायची तपासणी करून द्या, असं सांगा.